हाडांच्या एक्स-रेवरून वय: कागदापासून अहवालापर्यंत, क्रम न चुकवता

हाडांवरून वय काढा असा कागद हातात आला की बहुतेक ठिकाणी मुलाला थेट एक्स-रेच्या खोलीकडे नेले जाते, आणि शेवटी अहवालात एकच आकडा लिहिला जातो: 'वय सतरा वर्षे.' सुरुवातही चुकते आणि शेवटही. एक्स-रे हा या कामातला पहिला टप्पा नाही, आणि एका आकड्यात बसवता येईल एवढी अचूकता हाडांत नसते. वाढ कुठवर आली आहे एवढेच फिल्म सांगते. जन्मतारीख ती सांगत नाही, सांगूही शकत नाही.

हा लेख पुण्यात या कामाशी रोज संबंध येणाऱ्यांसाठी आहे: निवासी डॉक्टर, एक्स-रे तंत्रज्ञ, बाल कल्याण समितीसमोर मुलांना नेणारे कार्यकर्ते, तपास अधिकारी, क्लबचे प्रशिक्षक आणि आईवडील. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. क्रम मोडला की पुढचे सगळे वाचन कलते.

टप्पा १: प्रश्न नेमका काय आहे ते लिहून घ्या

एकाच हाताची एकच फिल्म तीन वेगवेगळ्या प्रश्नांसाठी काढली जाते.

बालरोगतज्ज्ञाचा प्रश्न असा असतो: मुलाचे वय तर माहीत आहे, मग हाडे त्या वयाच्या पुढे आहेत की मागे? उंची खुंटलेली, लवकर वयात आलेली किंवा थायरॉईडची तक्रार असलेली मुले या कारणासाठी येतात. इथे फरक हेच उत्तर असते.

पोलीस, बाल न्याय मंडळ किंवा न्यायालय यांचा प्रश्न उलटा असतो. वयच माहीत नाही. १८ पूर्ण झाली की नाही, आणि अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर १६ पूर्ण झाली होती की नाही, हे त्यांना हवे असते. इथे एक चूक सर्रास होते. वय हवे असते घटनेच्या दिवशीचे, आणि तपासणी होते त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी वर्षभराने. म्हणून विनंतीपत्रावर घटनेची तारीख आहे का ते पाहा. नसेल तर मागून घ्या. अहवालात मात्र तपासणीच्या दिवशीचेच वय लिहायचे. मागे जाऊन हिशेब करणे हे न्यायालयाचे काम.

तिसरा प्रश्न खेळाचा. वयोगटाच्या क्रिकेट स्पर्धांसाठी बीसीसीआय टीडब्ल्यू-३ ही हाताच्या हाडांना गुण देऊन वय काढण्याची पद्धत वापरते. फुटबॉलमध्ये फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या स्पर्धेसाठी मनगटाचा एमआरआय आणला, त्यात किरणोत्सर्ग नसतो. इथला प्रश्न फक्त पात्रतेचा असतो. म्हणून चाचणीत बाहेर पडलेल्या मुलाला 'खोटारडा' म्हणणे अन्यायाचे आहे. लवकर वाढ झालेला खरा पंधरा वर्षांचा मुलगाही अशा चाचणीत अडकतो, हे प्रशिक्षकांनी त्याच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

टप्पा २: आधी कागद, मग किरण

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट दिला आहे. आधी शाळेने दिलेले जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची किंवा अन्य वैद्यकीय चाचणी, आणि तीही आदेशापासून १५ दिवसांच्या आत. आधार कार्ड या यादीत नाही. 'आधारवर तारीख आहे, झाले काम' हे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात, आणि दोन्ही बाजू चुकतात.

शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा यांबाबतही सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एका निकालात दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे कलम ९४ ला अपेक्षित असलेले प्रमाणपत्र नव्हे, असे म्हटले आहे. त्यामुळे शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचे स्वतंत्र प्रमाणपत्र मागा आणि त्या तारखेचा आधार काय होता तेही विचारा. आपल्याकडे जन्मतारीख माहीत नसली की १ जून टाकण्याची जुनी पद्धत आहे. कागदावर १ जून दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही, पण मंडळासमोर ही गोष्ट बोलून दाखवायला हवी.

पुणे शहरात जन्म झाला असेल तर नोंद महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळते. अडचण येते ती ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जन्मलेल्या मुलांची. त्यांच्या आईला जन्मतारीख विचारू नका. 'थोरला कितवीत आहे, त्याच्या मागून किती वर्षांनी हा झाला, तेव्हा तुम्ही कुठल्या कारखान्यावर होता' असे विचारा. लसीकरणाचे कार्ड आणि अंगणवाडीची नोंद कलम ९४ च्या यादीत नाही, पण त्यांतून संभाव्य वयाचा पट्टा अरुंद होतो आणि पुढच्या चौकशीला धागा मिळतो.

तपासून घ्या: वयाच्या वादात कागद मिळाला तर एक्स-रे काढू नका. 'खात्रीसाठी' म्हणून काढलेली फिल्म बहुतेक वेळा खात्री वाढवत नाही, गोंधळ वाढवते.

टप्पा ३: मुलाशी बोला, मोजा, मग तपासा

संमती लेखी घ्या. बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची, त्याहून लहान असेल तर पालकाची. काय करणार आहोत आणि ते कशासाठी, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगा. पुण्यात येणाऱ्या कित्येक मुलांना मराठी येत नाही. सोबत आलेल्या शिपायाने केलेले भाषांतर पुरेसे समजू नका.

ओळख पक्की करा. शरीरावरच्या दोन खुणा आणि डाव्या अंगठ्याचा ठसा लिहून घ्या, विनंतीपत्रावरचे नाव पडताळा. खेळाच्या चाचणीत तर हे फारच महत्त्वाचे, कारण एकाच्या जागी दुसराच मुलगा येऊन उभा राहू शकतो.

मग उंची आणि वजन घ्या आणि आयएपीच्या (भारतीय बालरोग अकादमीच्या) २०१५ च्या वाढीच्या तक्त्यावर मांडा. आजारांची माहिती विचारा. थायरॉईडची कमतरता, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, सीलिअ‍ॅक (गव्हातले ग्लुटेन न सोसणे), दीर्घ मुदतीचे मूत्रपिंडाचे आजार, कुपोषण, लांबलेले स्टेरॉइडचे उपचार, ही सगळी हाडे मागे ठेवतात. अकाली वयात येणे, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार, लठ्ठपणा यांमुळे हाडे पुढे जातात. हे न विचारता लिहिलेला अहवाल न्यायालयात पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करावी. सोबत तिच्या विश्वासाची बाई हवी. वयासाठी जे पाहायचे ते बाहेरून पाहायचे असते: स्तनांची वाढ, केस, पाळी सुरू झाली का आणि कधी. वय ठरवायला आतील तपासणीची गरज नाही. कुणी सांगितली तरी करू नका.

इशारा: पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीला शेवटच्या पाळीची तारीख विचारा, तीही एकटीला. शंका असेल तर आधी लघवीची चाचणी. गर्भ असण्याची शक्यता असताना कमरेचा एक्स-रे काढायचा नाही. शिशाचे आवरण लावून हाताचा काढता येतो.

टप्पा ४: फिल्म नीट काढा

डावा हात घ्यायचा. ज्या अ‍ॅटलसशी, म्हणजे वयवार नमुना एक्स-रेंच्या पुस्तकाशी, फिल्म ताडायची तो डाव्या हाताचा आहे एवढेच त्यामागचे कारण, मुलगा डावखुरा असला तरी डावाच. डाव्या हाताचे हाड पूर्वी मोडले असेल तर उजवा घ्या आणि तसे लिहा.

बांगड्या, अंगठी, मनगटाचा गंडा-दोरा काढायला लावा. दोरा काढायला घरच्यांची ना असेल तर समजुतीने घ्या आणि वर सरकवा. तळहात कॅसेटवर (फिल्मच्या पेटीवर) सपाट ठेवावा, बोटे किंचित फाकलेली, अंगठा सहज बाजूला जातो तेवढाच. मधले बोट आणि हाताची सरळ रेषा एक हवी. किरणाचा मध्य मधल्या बोटाच्या पेराच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या डोक्यावर. बोटांची सगळी टोके आणि मनगटाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर हाड फिल्ममध्ये यायलाच हवे.

बिघडते ते नेमके इथे. बोटे वाकलेली राहिली की पेराच्या मुळाशी असलेले छोटे हाड मुख्य हाडावर चढलेले दिसते आणि दोन्हींमधली उघडी फट, म्हणजे वाढीच्या कूर्चेची जागा, बंद झाल्यासारखी वाटते. भेदरलेले मूल मूठ आवळते. त्याला आधी दोन मिनिटे बसू द्या, तुमचा स्वतःचा हात टेबलावर ठेवून दाखवा. वाकड्या फिल्मवर वाचन करण्यापेक्षा दुसरी काढलेली बरी. हाताच्या एका एक्स-रेचा किरणोत्सर्ग दिवसभरात निसर्गातून मिळतो त्याहून कमी असतो.

क्रमांक, तारीख आणि डावे-उजवे हे चिन्ह फिल्म काढतानाच पडले पाहिजे. मागाहून पेनने लिहिलेले धरले जात नाही.

टप्पा ५: वाचन

वाचणाऱ्याला मुलाचे सांगितलेले वय माहीत असता कामा नये. मुलगा की मुलगी एवढेच कळवा. 'पंधरा सांगतोय' हे कानावर पडले की डोळा पंधराचीच प्लेट (अ‍ॅटलसमधला त्या वयाचा नमुना) शोधतो, आणि कितीही अनुभव असला तरी हे टळत नाही. शक्य असेल तिथे दोघांनी वेगवेगळे वाचावे आणि मग ताडून पाहावे.

ग्रूलिक-पाइल अ‍ॅटलसमध्ये मुलांच्या आणि मुलींच्या प्लेटा वेगळ्या आहेत. चुकीच्या विभागातून वाचले तर वयात येण्याच्या काळात साधारण दोन वर्षांची चूक होते, कारण मुलींची हाडे तेवढी पुढे असतात. अ‍ॅटलस उघडला की विभाग कोणता ते पुन्हा एकदा पाहा.

कुठे पाहायचे हे वाढीच्या काळावर ठरते. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मनगटाची छोटी हाडे आणि रेडिअसच्या (कोपर ते मनगट यांतल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या) टोकाचे केंद्र, म्हणजे वाढीचे वेगळे छोटे हाड, दिसू लागले का ते पाहा. त्यानंतर पेरांच्या मुळाशी किती केंद्रे उमटली आहेत ते मोजा. मग मुलींत साधारण दहा आणि मुलांत बारा वर्षांपर्यंत त्या केंद्रांची रुंदी महत्त्वाची: ती शेजारच्या हाडाएवढी झाली का? वयात येताना केंद्राच्या कडा हाडाच्या टोकावर टोपीसारख्या उतरू लागतात आणि अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक तीळवजा हाड दिसू लागते. यानंतरचा सगळा खेळ जुळण्याचा, म्हणजे केंद्र मुख्य हाडाशी एकजीव होण्याचा: आधी बोटांची शेवटची पेरे, मग बाकीची, आणि सर्वांत शेवटी मनगटाशी रेडिअस.

किशोरवयीन मुलाच्या मनगटाच्या छोट्या हाडांवर वेळ घालवणे ही एक नेहमीची चूक. त्या वयात ती जवळजवळ तयार झालेली असतात, वेगळे काही सांगत नाहीत. दुसरी चूक अधिक महागात पडते. हाड जुळल्यावर त्या जागी पांढरी बारीक रेघ राहते, कधी कधी कित्येक वर्षे. उघडी फट काळी असते, जुळल्याची खूण पांढरी असते. पांढऱ्या रेघेला 'अजून जुळले नाही' म्हटले की अठरा उलटलेला माणूस अल्पवयीन ठरतो. फिल्म मोठी करून, प्रत्येक बोटावर स्वतंत्रपणे, ही रेघ काळी की पांढरी हे ठरवा.

एक फिल्म शेवटपर्यंत वाचून पाहू. मुलगा आहे. बोटांची शेवटची पेरे पूर्ण जुळलेली, पांढरी रेघ उरलेली. मधल्या आणि मुळाच्या पेरांत फट मध्यभागी मिटलेली, कडेला अजून काळी. अंगठ्याजवळचे छोटे हाड स्पष्ट. रेडिअसच्या टोकावर टोपी उतरलेली, फट मात्र सबंध रुंदीत काळी. आता प्लेटा लावा. सोळाची जवळ बसते. लगेच थांबू नका, अलीकडची आणि पलीकडची प्लेटही लावून बघा. अलीकडच्या प्लेटेत पेरांची जुळणी कमी आहे, पलीकडच्या प्लेटेत रेडिअस मिटू लागली आहे. म्हणजे हाडांचे वय सोळाच्या आसपास.

पण मुलगा सोळा वर्षांचा आहे का? या वयात हाडांच्या वयाचे प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती फरक पडतो ते) वर्षभराचे, किंचित जास्तच असते. त्याच्या दुप्पट घेतले तर साधारण चौदा ते अठरा असा पट्टा मिळतो. मुलगा पंधरा सांगत असेल तर फिल्म ते नाकारत नाही. तक्रारदार सतरा म्हणत असेल तर तेही नाकारत नाही. फिल्म एवढेच म्हणते की तो बारा नाही आणि एकवीसही नाही.

यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. हा अ‍ॅटलस अमेरिकेतल्या क्लीव्हलंड भागातल्या, सुखवस्तू घरांतल्या गोऱ्या मुलांच्या १९३१ ते १९४२ या काळातल्या फिल्मांवरून केला आहे. पुण्यातल्या जनता वसाहत झोपडपट्टीतल्या किंवा नगर रोडच्या वीटभट्टीवरच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू होतो असे कुणीही शपथेवर सांगू नये. सॉफ्टवेअरने वाचले तरी हे बदलत नाही. यंत्र वाचणाऱ्या दोघांमधला फरक कमी करते, मुलामुलांतला नैसर्गिक फरक नाही.

टप्पा ६: हात पूर्ण जुळला असेल तर

सगळ्या फटी मिटलेल्या हातावर अ‍ॅटलसची शेवटची प्लेट बसते. मुलांत ती १९ ची, मुलींत १८ ची. म्हणून 'वय १९ वर्षे' असे लिहून मोकळे होणारे अहवाल येतात. हे साफ चूक आहे. तिशीतल्या माणसाचा हातही याच प्लेटेवर बसतो. शिवाय लवकर वाढलेल्या मुलींचा हात सोळा-सतरालाही पूर्ण झालेला असतो. पूर्ण जुळलेला हात वरची मर्यादा देत नाही, आणि एकट्याने अठराची खात्रीही देत नाही.

मग पुढे जा. आपल्याकडे कोपर, मनगट आणि कंबर असे तीन एक्स-रे एकत्र घेण्याची पद्धत आहे, आणि क्रम समजला तर ती उपयोगी पडते. कोपर आधी जुळतो, मनगट त्यानंतर काही वर्षांनी, कमरेच्या हाडाची वरची कड विशीच्या आसपास. कोपर जुळलेला, मनगट अर्धे मिटलेले, कमरेची कड उमटली पण सुटी, असे चित्र असेल तर तीनही जागा एकमेकींना दुजोरा देतात. एक जागा बाकीच्यांशी फटकून असेल तर आजार शोधा.

दातांचा ओपीजी, म्हणजे सबंध जबड्याचा एकच एक्स-रे, अवश्य घ्या. दातांची वाढ कुपोषणाने आणि संप्रेरकांच्या बिघाडाने हाडांइतकी हलत नाही. उपासमार झालेल्या मुलात दात आणि हाडे यांत मोठी तफावत दिसली तर तीच माहिती आहे, ती लपवू नका. अक्कलदाढ मात्र सतरा ते पंचवीस यांत केव्हाही येते. 'अक्कलदाढ आली, म्हणजे सज्ञान' हे धरून चालू नका.

अठराचाच वाद असेल आणि हात पूर्ण झाला असेल तर कॉलर बोनच्या छातीकडच्या टोकाचा पातळ कापांचा सीटी हा पुढचा पर्याय. शरीरात सर्वांत शेवटी जुळणाऱ्या जागांपैकी ही एक. ती पूर्ण जुळून खूणही विरलेली असेल तर अठरा उलटली हे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उघडी असेल तर मात्र 'अठराच्या आत' असा अर्थ निघत नाही. सीटीचा किरणोत्सर्ग हाताच्या एक्स-रेच्या कितीतरी पट असतो, म्हणून तो पहिल्या फेरीत मागवू नका.

टप्पा ७: अहवाल

अहवालात कुठली हाडे पाहिली, प्रत्येक जागी काय दिसले, कुठली पद्धत वापरली, पट्टा किती आणि तो कुठून आला, हे सगळे हवे. वर वाचलेल्या फिल्मसाठी मजकूर साधारण असा होईल:

'डाव्या हाताच्या एक्स-रेमध्ये बोटांची शेवटची पेरे जुळलेली, मधली व मुळाची पेरे अंशतः जुळलेली, रेडिअसचे टोक न जुळलेले. ग्रूलिक-पाइल पद्धतीने, मुलांच्या विभागानुसार, हाडांचे वय साधारण १६ वर्षे. नैसर्गिक फरक धरता तपासणीच्या दिवशी वय सुमारे १४ ते १८ वर्षांच्या दरम्यान असणे या निष्कर्षांशी सुसंगत आहे. वाढीवर परिणाम करणारा आजार इतिहासात आढळला नाही.'

'सुसंगत आहे' हेच शब्द वापरा. 'सिद्ध होते' लिहू नका. आणि पट्टा स्वतः एका बाजूला ढकलू नका. मुलाची दया आली म्हणून खाली, तपास अधिकारी घाईत आहे म्हणून वर, असे झाले की तो अहवाल वैद्यकीय राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जया माला खटल्यात वैद्यकीय अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक असू शकतो हे नोंदवले आहे. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हे न्यायालय ठरवते. त्यासाठी त्याच्या हाती पूर्ण पट्टा लागतो.

टप्पा ८: फिल्म जपून ठेवा

मूळ डिजिटल फाइल जपा, मोबाइलवर काढलेला फोटो नाही. दुसऱ्या तज्ज्ञाला वाचायची वेळ आली तर पांढरी आणि काळी रेघ फोटोत वेगळी करता येत नाही. अहवालाला आव्हान मिळाले की नवी फिल्म काढण्याआधी जुनीच फिल्म दुसऱ्या वाचकाकडे द्या, अर्थातच सांगितलेले वय न कळवता.

वाढीच्या तक्रारीसाठी येणाऱ्या मुलांची फिल्म सहा महिन्यांच्या आत सहसा पुन्हा काढू नये. तेवढ्या काळात होणारा बदल वाचनातल्या चुकीएवढाच असतो. आईवडिलांनी मागच्या सगळ्या फिल्मा आणि उंचीच्या नोंदी सोबत आणाव्यात. वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्मा शेजारी लावल्या की हाडे कोणत्या वेगाने पुढे जात आहेत ते दिसते, आणि उपचार सुरू करायचे की थांबायचे हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.